बाहेरून कडी

ऊन कललं की शामला खोलीला बाहेरून कडी लावी आणि आत दोघे राहत: मुलगा गिरिधर आणि त्याचे वडील मनोहरराव. युक्ती मनोहररावांचीच. पोराला एकट्याला कोंडलं तर तो खिडकीतून पसार होई. बापच सोबत कोंडलेला असला तर निदान लाजेखातर बसेल, असा त्यांचा होरा होता.

गिरिधरचं नववीचं हे दुसरं वर्ष. यंदाही नापास झाला तर दाखला हातात देऊ, असं हेडमास्तर देवरावांनी बजावलं होतं. मग पुढे काय, हा विषय नवराबायको काढतच नसत.

पण गिरिधर बसत नसे. मांडी घातली की गुडघा नाचे. पुस्तक उघडलं की बोटं गादीतला कापूस उपसू लागत. एक ओळ वाचून होईपर्यंत रस्त्यावरून गेलेली सायकलरिक्षा कुणाची, हे त्याने घंटीवरून ओळखलेलं असे. शेजारचे ताराचंद कुंपणावरून म्हणत, "कडी काहून लावता, खुंट्याले बांधा ना." मनोहरराव कसनुसं हसत. कचेरीत चार शब्द बोलायचे तरी त्यांना घाम फुटे. पोराचं असं होण्यात आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना सारखं वाटे. काय चुकलं ते मात्र सापडत नसे.

एका संध्याकाळी त्यांनी हात उगारला. गिरिधर मागे सरला नाही.

"बाबा, मी मुद्दाम नाही करून राहिलो."

उगारलेल्या हाताचं काय करावं ते मनोहररावांना कळेना. त्यांनी बादलीतला गडवा उचलला आणि खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारू लागले. गिरिधरने गडवा त्यांच्या हातातून घेतला. बादलीपासून खिडकीपर्यंत येरझारा घालत तो ताटी भिजवू लागला, आणि भिजवता भिजवता, सकाळपासून डोक्यात न शिरलेला इतिहासाचा धडा घडाघडा बोलू लागला.

तेव्हापासून ती ताटी वाळली म्हणून नाही. बाप प्रश्न विचारी, पोरगा चालता चालता उत्तर देई. खोलीत चिखल होई, नळ सकाळीच जातो म्हणून शामला कुरकुरे, पण इतिहास-भूगोल तोंडपाठ झाले. आपल्या हातून काही बरोबर घडलं असं मनोहररावांना क्वचितच वाटे. तेव्हा वाटलं.

पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी, कडी निघायची वाट बघताना, एकदम त्यांच्या ध्यानात आलं. वर्गात ताटी नाही, बादली नाही. बाक आहे, आणि तीन तास.

सकाळी ते हेडमास्तरांच्या दारात घुटमळत राहिले. घंटा व्हायची वेळ झाली तेव्हा कसेबसे आत शिरले आणि जमिनीकडे बघत, पोराला मागच्या भिंतीशी उभ्याने लिहू द्याल का, असं त्यांनी विचारलं.

देवराव काही वाईट माणूस नव्हते. "आज हा उभ्यानं लिहितो म्हणतो, उद्या दुसरा झोपून लिहितो म्हणेल. त्याले मी काय सांगू, मनोहरराव?"

 मनोहरराव नमस्कार करून बाहेर आले.

गिरिधर वेळेच्या खूप आधी फाटकाबाहेर आला. पाय आपटू नको म्हणून सर दोनदा ओरडले, मग त्यानेच पेपर देऊन टाकला होता. "सगळं येत होतं बाबा," तो म्हणाला. "पाय ऐकत नव्हते."

संध्याकाळी मनोहरराव बायकोला म्हणाले, आज कडी राहू दे. गिरिधरने मात्र खोलीतली बादली उचलून बाहेर ठेवली.

"आई, कडी लाव."

"काहून रे? बाबा नको म्हणून राहिले ना."

"उद्या भूगोल आहे. मले बसून पाहायचं आहे." तो वडिलांकडे वळला. "तुम्ही समोर बसा. हालायचं नाही. तुम्ही हालले की मीबी हालतो."

कडी पडली. दोघे समोरासमोर मांडी घालून बसले. कोरडी ताटी गरम वारा आत सोडत होती. गिरिधरने दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि नजर बापावर होती.

मनोहररावांच्या नाकावर माशी येऊन बसली. त्यांनी ती हाकलली नाही.