मोस्काचा नवस

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आमच्या क्रीट बेटावरच्या अर्गिरोकडे एकच शेळी, मोस्का. ती गाभण होती आणि तिनं चारा खाणंच सोडलं. अर्गिरो डोंगरमाथ्यावर गेली, संत इलियासच्या चॅपलमध्ये नवसाची पत्र्याची शेळी टांगली, मेणबत्ती लावली. संत आपला ढिम्म.

चॅपलच्या मागे पुरातत्त्ववाल्यांचं खोदकाम चाललेलं. जुन्या दगडी भिंती, राखेचा थर, आणि मिर्सिनी नावाची पोरगी कुंचल्यानं माती झटकत बसलेली. तिच्या ट्रेमध्ये बोटाएवढ्या मातीच्या शेळ्याच शेळ्या!

"अगं बाई! ही कुणाची खेळणी?"

"खेळणी नव्हेत मावशी, नवसाच्या आहेत. इलियासच्याही कितीतरी आधीच्या."

"कुठल्या देवाला वाहिल्यात?"

"नाव कुणालाच ठाऊक नाही."

"नाव न विचारताच घर खणताय होय त्याचं?"

मिर्सिनी खो खो हसली. अर्गिरोच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. एवढ्या शेळ्या! देव पावत नसता तर लोक कशाला पाय मोडत वर आले असते?

घरी जाऊन तिनं पावाच्या कणकेची शेळी केली, तिळाचे डोळे लावले, भट्टीत भाजली. दुसऱ्या दिवशी मोस्काला ओढत पुन्हा वर.

"शेळी कशाला आणलीत, मावशी?"

"कुठली बरी करायची ते देवाला कळायला नको?"

मिर्सिनी काही खड्ड्यात उतरू देईना. मग पावाची शेळी कडेच्या दगडावर ठेवून अर्गिरोनं डोळे मिटले. "बाबा रे, नाहीतर बाई गं, जे कोण असशील ते, एवढी माझी मोस्का खाऊ दे. आणि इलियासला सांगू नकोस."

डोळे उघडले तर दगड रिकामा!

"नेली! देवानं नेली!"

"मावशी, तिकडे बघा."

मोस्काच्या तोंडातून पावाचा एक पाय बाहेर लोंबत होता. तोही गेला. अर्गिरो मटकन खाली बसली, रडता रडता हसायला लागली आणि पिशवीतला उरलेला पाव तिनं मोस्कापुढे धरला. तोही फस्त!

"बघ पोरी," ती डोळे पुसत म्हणाली, "ते जुने लोक मातीच्या का करायचे, ते कळलं आता मला."

मोस्का तिथंच बें बें करत अशी ओरडली, अशी ओरडली, की खाडीतल्या बोटी माघारी फिरल्या!

बरं, बरं. बोटी नाही फिरल्या. तेवढं माझ्या पदरचं.