राणीसाहेबांची सावली

मी एक जुनी छत्री आहे. हातात घेऊन मिरवायची नव्हे. चांगली पुरुषभर उंच, लाकडी दांड्याची, टोकाला लोखंडी खिळा असलेली. बाहेरून पांढरी, आतून गडद हिरवी. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला दुहेरी जाड कापडाने शिवले, तो दांड्यावर थाप मारून म्हणाला होता, "हिच्याखाली उभा राहील त्याला उन्हाची भीती नाही." मित्रांनो, मी ते खरे मानले. त्यात माझी काय चूक?

मला एका मोजणीदाराने विकत घेतले. जमिनी, रस्ते, तळ्याचे काठ मोजणे हे माझ्या मालकांचे काम. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा खिळा मातीत रोवला, मला उघडले, आणि पाहते तर काय, माझ्याखाली मालक नव्हतेच! तिथे तीन पायांवर एक पितळी यंत्र उभे होते. त्याला एक दुर्बीण आणि काचेच्या नळीत एक बुडबुडा. यंत्र तापले की बुडबुडा सरकतो आणि माप चुकते, म्हणून ही सगळी बडदास्त. सूर्य कलला की मालक मलाही कलवत, सावली बरोबर यंत्रावर पडेल अशी. त्यांची मान आणि कान मात्र बाहेरच राहत.

यंत्राला ते राणीसाहेब म्हणत. समोर लांबवर खुणांची उंच पट्टी धरून उभे असलेले मदतनीस काका ओरडत, "राणीसाहेबांचं आवरलं असेल तर आम्हा गरिबांकडे बघा की!"

माझा नुसता जळफळाट व्हायचा. संध्याकाळी मऊ फडक्याने तिची काच पुसली जाई, तिला मखमलीच्या पेटीत निजवले जाई. मला दाराआड उभे करत, पावसात भिजले असले तरी तसेच. एकदा जोराचा वारा आला आणि मी उलटी झाले. खोटे कशाला बोलू, मी वाऱ्याला फारसा विरोध केला नाही. म्हटले, भाजू दे एकदा हिला! पण मालकांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि तो तिच्यावर पांघरला. दुपारभर ते बोडक्या डोक्याने उभे होते.

सुट्टीत त्यांची मुलगी यायची. मला दोन्ही हातांनी धरून ती हळूच मालकांकडे कलवायची.

"अगं, तिकडे कुठे? राणीसाहेबांवर धर."

"आणि तुमचं डोकं, बाबा?"

"माझ्या डोक्यात कुठे बुडबुडा आहे?"

"आई म्हणते, आहे!"

काका इतके हसले की लांबवर पट्टी हलताना दिसली. मुलगी मात्र हसली नाही. तिलाही यंत्राचा हेवा वाटत असावा. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

ढगाळ दिवशी तर मला घरीच ठेवत. ऊन नाही, बुडबुडा शांत, मग छत्री कशाला? मित्रांनो, मालकांची खरी चूक ती हीच. सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. ते थोडे मिळाले तर चांगलेच, हाडांना लागणारे जीवनसत्त्व त्यांच्यामुळे कातडीत तयार होते. पण ते लगेच चटका देत नाहीत, म्हणून कळतही नाहीत. त्यांतले बरेचसे ढगांतून खाली उतरतात, काही वाळूवरून आणि पाण्यावरून उसळून अंगावर येतात. वर्षानुवर्षे ते कातडीच्या आत मोडतोड करत राहतात. माझेही तेच झाले. हिरवा रंग विटला, धागे ठिसूळ झाले. फरक इतकाच, की माझे विटणे सगळ्यांना दिसत होते.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. एकदा घरी आली आणि दारातच थबकली.

"बाबा, कानाला काय झालंय?"

"काही नाही गं. दाढी करताना लागलं."

"कानावर दाढी येते तुम्हाला?"

ती खपली चार वर्षांची होती. दुखत नव्हती, म्हणून कोणी विचारले नव्हते. मुलीने त्यांना दवाखान्यात नेले, तेव्हा तो कातडीचा कर्करोग निघाला. कानाचा तुकडा काढावा लागला, तरी पुढे मानेत गाठ निघाली. "बाबा बरे झाले असते," डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मुलगी स्वयंपाकघरात आईला सांगत होती, "लवकर नेलं असतं तर." दोघी बराच वेळ नळ चालू ठेवून उभ्या होत्या.

उन्हात निघताना छत्री हवीच, अशी ताकीद मिळाली होती. दुसऱ्या सकाळी मुलीने मला उघडून मालकांच्या डोक्यावर धरले. इतक्या वर्षांनी! मी ताठ झाले. मग तिने वर पाहिले, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. त्यांच्या गालावर, कपाळावर, कानाला बांधलेल्या पट्टीवर उन्हाचे बारीक ठिपके पडले होते.

"बाबा, हिची चाळण झालीय."

"असू दे. खूप सोसलंय तिनं."

मुलीने मला मिटले.

नवी काळी छत्री आली. दवाखान्यात जाताना सात महिने तीच त्यांच्या डोक्यावर होती. दाराआडून मी त्यांची पावले मोजायची आणि तिच्यावर जळायची. एका दुपारी ती परत आली तेव्हा मिटलेली होती, आणि मुलगी एकटीच होती.

राणीसाहेब आता काचेच्या कपाटात आहेत. पाहुणे म्हणतात, "वा, काय जपलंय! एक ओरखडा नाही!" मुलगी मान हलवते आणि चहा आणायला आत जाते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी असे उन्हात उभे असेल. त्यांच्या कानामागे, मानेवर, नाकाच्या शेंड्यावर एकदा नीट पाहा. बरी न होणारी खपली दिसली तर त्यांनी हसण्यावारी नेले तरी ऐकू नका. आणि छत्री एकच असेल तर ती माणसावर धरा. यंत्र हट्ट करील, बुडबुडा सरकेल, माप चुकेल. चुकू द्या. माप दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येते.