शोवा वीस

"काका, प्लास्टिकमधून बाहेर काढा ना. चकाकतंय, अक्षर दिसत नाहीये."

बबन पाष्टेंनी कागद टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. मिनल मीरा रोडला त्यांच्याच मजल्यावर राहायची. जपानी कंपन्यांची भाषांतरं करायची. कागद बबनच्या वडिलांचा. सदू पाष्टे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते. हा कागद त्यांनी मेलेल्या जपान्याच्या खिशातून काढला, असं चुलता एकदा भांडणात बोलून गेला. सदूंनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आईने मात्र तो कधी घरात घेऊ दिला नाही. गोठ्यातच पडून राहिला.

बबननी सारी नोकरी वॉर्डबॉय म्हणून काढली. गेलेल्या माणसाची अंगठी, चष्मा रुमालात बांधून नातेवाइकांच्या हाती द्यायचा, हे त्यांचं काम. देताना दर वेळी बापाचा कागद आठवायचा.

"नाव असेल तर सांग. त्याच्या घरी पाठवून देतो," ते म्हणाले.

"नाव नाहीये. हा सरकारी रोखा आहे काका. लढाईसाठी सरकार लोकांकडून पैसे घ्यायचं ना, त्याचा. आणि ही तारीख." तिने भिंग पुढे सरकवलं. "शोवा वीस, जून. त्यांच्या राजाच्या कारकिर्दीचं विसावं वर्ष. त्यात पंचवीस मिळवायचे. म्हणजे पंचेचाळीस."

"पंचेचाळीसचा जून? नक्की?"

"नक्की. का हो?"

"बाबांना त्या सालच्या जानेवारीतच गोळी लागली, दंडाला. इकडे हॉस्पिटलात आणलं. ब्रह्मदेशात परत गेलेच नाहीत. पुढच्या साली एकदम जपानला गेले, हरलेल्या मुलखावर पहारा ठेवायला इंग्रजांनी पाठवलेल्या पलटणीतून."

"मग ब्रह्मदेशात हा त्यांना मिळणंच शक्य नाही काका. तेव्हा छापलाच नव्हता. जपानमध्येच कुणाकडून तरी आला असणार. कसा, ते कागद सांगत नाही. पण लढाई हरल्यावर याची रद्दीच झाली होती, सहज देऊन टाकत असतील."

बबन खुर्चीत मागे रेलले. तोंडाने मोठा श्वास सोडला.

"पाणी देऊ?"

"दे. नको, चहाच टाक. साखर घाल चांगली."

घरी येऊन त्यांनी भाईंदरला बहिणीला फोन लावला.

"दुर्गे, बाबांनी मेलेल्याच्या खिशात हात नव्हता घातला गं." आणि सगळं सांगितलं.



"आईला कळायला हवं होतं रे, दादा."

"हां."

फोन दोघांनी कानाला तसाच धरून ठेवला.