पैलवानचा हात

घरात नणंदेला सगळे पैलवान म्हणत. हात होताच तसा. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण तिच्याकडे दिलं की झाकण निघायचं, आणि कधीकधी बरणीही जायची. यावर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. वहिनी सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जायची, तेव्हा पाच महिन्यांचं बाळ पैलवानच्या खांद्यावर असायचं. दुपारी वहिनी परतली की पैलवान लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला. बाळ धड दूध पीत नव्हतं, मान धरत नव्हतं. केस तर जुन्या ब्रशसारखे, राठ आणि पांढुरके. 'आत्यावर गेलाय' म्हणून त्यावरही हसून झालं होतं.

मग बाळाला झटके आले आणि हसणं संपलं. इस्पितळात एक्स-रे काढले, तर दोन बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलेलं. मोडून बरेच दिवस झालेले.

"दिवसा बाळाला कोण सांभाळतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्रश्न पुरा व्हायच्या आत वहिनी म्हणाली, "नणंद. तिचा हात जड आहे."

वहिनीच्या नवऱ्यानं मान खाली घातली. मान खाली घालणं पुरुषमाणसाला फार सोयीचं पडतं. त्यात होही येतं आणि नाहीही. त्याच संध्याकाळी पैलवाननं कपडे पिशवीत भरले आणि ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. तोंडातून शब्द काढला नाही. वहिनीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला.

काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. बाळाच्या रक्तात तांबं जवळजवळ नव्हतंच.

"दुधातलं तांबं आतड्यापुढे जातच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यावाचून हाडं ठिसूळ होतात, केस तुटतात, मेंदू वाढत नाही. नुसतं उचललं तरी हाड मोडू शकतं. कुणी मारलेलं नाही त्याला."

हा आजार, त्यांनी सांगितलं, बहुधा मुलग्यांना होतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो, आईला मात्र काही होत नाही. तांब्याची इंजेक्शनं सुरू करू, पण ती जन्मल्याबरोबर हवी होती. आता फार आशा धरू नका.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर वळसा घालता घालता एका माणसाला घराबाहेर काढून झालं होतं. वहिनीला स्वतःची लाज वाटली, इतकी की नवऱ्याशीही बोलवेना. बाळाला उशीवर निजवून, उशीसकट उचलून ती लाँड्रीत गेली.

"वहिनी, एवढ्या उन्हाचं कशाला आणलंस त्याला?" पैलवान पुढे आली आणि दोन पावलांवर थांबली.

वहिनीनं सगळं सांगितलं. "माझ्याकडून आलंय ते. तुझा काही संबंध नव्हता. घरी चल. तुझ्याशिवाय तो झोपत नाही गं."

पैलवाननं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. "एक विचारू? तेव्हा तुला खरंच तसं वाटलं होतं, की घाबरून बोललीस?"

'घाबरून' म्हटलं असतं तर निभावलं असतं. वहिनीच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"खरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "आणि बरं वाटलं होतं. माझ्या हातून झालं नाही म्हणून."

पैलवाननं मान हलवली.

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "रोज आठवत बसते. अंघोळ घालताना मोडलं, की झोपवताना? एकदा उचलल्यावर केवढ्यानं किंचाळला होता. म्हटलं, आपणच मोडलं असणार. म्हणून तर भांडले नाही."

वहिनीला रडू कोसळलं. इतके आठवडे आपल्याऐवजी ही शिक्षा भोगत होती. "घे ना त्याला," ती कशीबशी म्हणाली.

पैलवान भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरले. वहिनीनं उशीसकट बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आत्याचा आवाज ऐकून ते कुरकुरायचं थांबलं होतं.

"धर ना."

"मला आता सगळं कळलंय गं," पैलवान म्हणाली. "पण तूच धर." आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन बसून राहिली.