गुंड्या जेवत नाही

मयूरा कोल्हापूरला जायला निघाली, तेव्हा तिने फ्रीझरचा सबंध खालचा खण मोकळा करून त्यात बावीस पिशव्या रचून ठेवल्या. दिवसाला एक. प्रत्येकीत चिकनची हार्ट्स, मानेचे तुकडे, मूठभर कांगारूचा खिमा आणि नखाएवढं मेंढीचं काळीज. सगळं कच्चं आणि सगळं गुंड्यासाठी.

गुंड्या म्हणजे तिचा फेरेट. मुंगसाच्या बांध्याचा, हातभर लांब, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी. ती काम करायची त्या एज्ड केअरमधल्या, म्हणजे वृद्धाश्रमातल्या, एका सहकारी बाईकडून तिने तो आणला होता. त्या बाईने त्याला पिल्लू असल्यापासून कच्च्या मांसावर वाढवलं होतं, आणि फेरेटचं असं असतं, की पहिल्या सहा महिन्यांत जी चव लागली ती लागली. पुढे आलेलं सगळं त्याच्या लेखी दगडमाती.

"तीनच आठवडे गं सुचि," मयूरा म्हणाली. "बाबांची बायपास झाली, ते घरी आले, की मी सत्तावीसला परत."

सुचित्रा मूळची चिंचवडची, घरात अंडंही न येणारी. सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघी तीन वर्षं एकत्र राहत होत्या. गुंड्याची सुरी वेगळी, फळी वेगळी, भांडं वेगळं, हा करार पहिल्या दिवसापासूनचा. पण बायपास म्हटल्यावर नाही कशी म्हणणार? तिने रबरी हातमोज्यांचा डबा आणला, एक लांब चिमटा आणला, आणि श्वास रोखून दिवसातून चारदा वाटी भरायला लागली. गुंड्या खात होता. निदान त्या बावीस पिशव्यांपर्यंत तरी.

ते दिवस विचित्र होते. एप्रिलचा शेवट, सन दोन हजार एकवीस. सिडनीत सगळं उघडं होतं. विग्रम स्ट्रीटवर लोक खुर्च्या बाहेर टाकून चाट खात होते आणि खाता खाता त्यांचे फोन वाजत होते. फोन घेतलेला माणूस उठून कोपऱ्यापाशी जायचा आणि परत आला की त्याची प्लेट तशीच राहायची. भारतात बेड नव्हते, ऑक्सिजन नव्हता. मयूराच्या बाबांची बायपास नीट झाली, पण हॉस्पिटलमध्येच त्यांना कोविडने गाठलं. आणि सत्तावीस तारखेलाच इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं बंद केली. त्यात चारच दिवसांत, दुसऱ्या देशामार्गे आडवाटेने आलात तर तुरुंग, असंही जाहीर झालं.

त्याच आठवड्यात पिशव्या संपत आल्या.

मयूरा मांस आणायची ते विंडसरकडच्या शनिवारच्या बाजारातून, एका शेतकरी बाईकडून. सुचित्राकडे गाडी नव्हती. ती ट्रेनने पेंडल हिलला गेली, स्टेशनजवळच्या खाटकाकडून तीच हार्ट्स, तसाच खिमा घेऊन आली. गुंड्याने वाटीला नाक लावलं, मान उचलून तिच्याकडे पाहिलं आणि एक तुकडा तोंडात धरून सोफ्यामागे निघून गेला. तिला वाटलं, जमलं. तीन दिवसांनी वास सुटला, तेव्हा सोफ्यामागे, पडद्याआड आणि तिच्या स्वतःच्या बुटात मिळून अकरा तुकडे सापडले. त्याने एकही खाल्ला नव्हता.

मयूराचा फोन रोज दुपारी एकला यायचा. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ.

"बाबा कसे आहेत?"

"ऑक्सिजनवर आहेत. स्टेबल आहेत. गुंड्या जेवला?"

"जेवला थोडं," सुचित्रा म्हणायची. खरं म्हणजे जुन्या पिशवीतलं उरलंसुरलं त्याने चाटलेलं असायचं, बस.

मग मयूरा शिकवायला लागायची. जुन्यात नवं एकदम नको टाकूस, चिमूटभर टाक, रोज थोडं वाढव. त्याच्या ओठाला माशाचं तेल लाव, तो जीभ फिरवेल, तेवढ्यात तुकडा पुढे कर. थंड मांस त्याला मेलेलं वाटतं, कोमट पाण्यात ठेवून दे. आणि काही झालं तरी सहा तासांवर उपाशी ठेवू नकोस. उपाशी ठेवून वठणीवर येणारी जात नाही ही, आडवी होईल पण हट्ट सोडणार नाही. सुचित्रा कागदावर लिहून घ्यायची आणि सांगितल्याबरहुकूम करायची. हातमोजा घालून, चिमट्यात तुकडा धरून, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद ठेवून ती जमिनीवर पालथी पडायची आणि त्या जनावराची मनधरणी करायची. ते पाठ फिरवायचं.

मेच्या पहिल्या शनिवारी तिचा बांध फुटला. सकाळीच तिच्या मावसबहिणीचे सासरे पुण्यात गेल्याचा निरोप आला होता. गुंड्याने आदल्या संध्याकाळपासून तोंड लावलं नव्हतं. एकला फोन वाजला. बाबा तसेच आहेत, एवढं सांगून मयूरा लगेच हार्ट्सवर आली.

"पाण्यात ठेवतेस ना? पाणी उकळतं नको हं. बोट घालता आलं पाहिजे."

"मयूरा, पुरे," सुचित्रा ओरडली. "तिकडे माणसं पटापट मरतायत, तुझे बाबा ऑक्सिजनवर आहेत, आणि तू मला मांस पाण्यात कसं ठेवायचं ते सांगतेस? तुला दुसरं काही सुचत नाही का गं?"

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"तीन मिनिटं ठेव," मयूरा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "चार झाली तर कडा पांढऱ्या होतात. मग तो खात नाही."

आणि फोन बंद झाला.

रविवारी फोन आला नाही. सोमवारीही नाही. सुचित्राने दोन मेसेज टाकले, मग स्वतःवरच चिडून थांबली. मंगळवारी सिडनीतल्याच गिरावीनहून तनयचा, मयूराच्या चुलतभावाचा फोन आला. मयूराच्या बँकेची काही कागदपत्रं खोलीत असतील तर हवी होती. बोलता बोलता तो म्हणाला, "काका गेल्यापासून काकू एक शब्द बोललेल्या नाहीत गं."

"कधी गेले?"

"गुरुवारी. तुला माहीत नाही? त्यांना घरी आणूही दिलं नाही. पीपीई घालून मयूराच गेली स्मशानात, एकटी."

गुरुवार. शुक्रवार. शनिवार. सुचित्राने बोटांवर मोजलं आणि ती मयूराच्या खोलीत, पिंजऱ्याशेजारी खाली बसली. बाबा तसेच आहेत, असं मयूराने सांगितलं होतं. ते जाऊन दोन दिवस झालेले असताना.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की गुंड्या उठत नाहीये. हलवला तर मागचे पाय ओढत दोन पावलं सरकला आणि पुढच्या पंजांनी तोंड खाजवायला लागला. लाळ गळत होती. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. तिने पॅरामाटाच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. हिरड्यांना मध चोळा आणि ताबडतोब निघा, असं तिकडच्या मुलीने सांगितलं. हातमोजे शोधायला वेळ नव्हता. सुचित्राने उघड्या बोटाने त्या टोकदार दातांच्या आत मध चोळला, त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि टॅक्सीत बसली.

डॉक्टर पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी बाई होती. रक्त तपासून तिने सांगितलं, की साखर पार खाली गेली आहे. स्वादुपिंडात बारीक गाठी असाव्यात, या वयात फेरेटना होतात. गोळ्यांवर वर्षभर, फार तर थोडं जास्त.

"मी उपाशी ठेवला म्हणून झालं का?" सुचित्राने विचारलं.

"नाही, लव्ह. आजार आधीचाच. उपासाने फक्त उघडा पडला." मग तिने तिच्याकडे पाहिलं. "आता त्याला वाटीची वाट बघायला लावू नकोस. हाताने भरव. तुझ्या हाताचा वास आणि जेवणाचा वास एक झाला पाहिजे."

घरी येऊन सुचित्राने मांस कोमट केलं आणि उघड्या हातात घेतलं. तिने ते बोटांनी चेचलं, गुंड्याला मांडीवर घेतलं आणि बोट त्याच्या ओठाशी धरलं. पाच मिनिटं त्याने तोंड उघडलं नाही. मग चाटलं. मग एक तुकडा गिळला, दुसरा गिळला आणि तिसऱ्याला तिचं बोटच चावलं. रक्त आलं. ती नळाखाली हात धरून रडली. चावल्यामुळे नव्हे.

तिने मयूराला लिहिलं: 'तनयकडून कळलं. मला माफ कर.' निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही.

विमानं सुरू झाली, पण मयूरा आली नाही. तिलाही कोविड झाला, मग आईला. आई वाचली, पण बोलायची नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची. जूनच्या शेवटी सिडनीही बंद झाली आणि पश्चिमेकडच्या उपनगरांत तर पोलीस फिरायला लागले. पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल नाही. सुचित्रा दिवसातून पाचदा मांस कोमट करायची, गोळी कुटून त्यात मिसळायची आणि भरवायची. तिच्या नखांना तो वास कायमचा लागला. चिंचवडला आईशी बोलताना तिने यातलं अक्षरही काढलं नाही.

जुलैत एका दुपारी फोन वाजला.

"मी येत नाही गं परत," मयूरा म्हणाली. "आईला इथे टाकून नाही येता येणार. माझं सामान तनयला दे, कपडे कुणालाही दे. आणि गुंड्याला फेरेट सांभाळणाऱ्या त्या रेस्क्यूवाल्यांकडे दे."

"त्याला बघायचंय तुला? इथेच झोपलाय."

"नको."

सुचित्राने ओठ चावला. "त्या शनिवारी मी जे बोलले..."

"जाऊ दे."

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग मलाही रडावं लागलं असतं. तेव्हा आईला उठवायचं होतं, सर्टिफिकेट आणायचं होतं," मयूरा म्हणाली. "आणि त्या पंधरा दिवसांत माझं कुणी ऐकतच नव्हतं गं. बेड मागितला, नाही. इंजेक्शन मागितलं, नाही. तू तेवढी ऐकायचीस. मी सांगेन तसं करायचीस."

गुंड्याच्या आजाराचं सुचित्राच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "मस्त खातोय तो आता," ती म्हणाली.

रेस्क्यूवाल्यांना तिने फोन केलाच नाही.

त्यानंतर दीड महिना काही नाही. तनय दाराबाहेर उभा राहून खोकी घेऊन गेला, मयूराची खोली रिकामी झाली, तिथे फक्त पिंजरा उरला. सप्टेंबरात गुंड्याचं पुन्हा बिनसलं. आवडती हार्ट्स तो हुंगून सोडायला लागला, पाठीची हाडं हाताला लागायला लागली. डॉक्टरने गोळी वाढवली, त्यापुढे तिच्याही हातात काही नव्हतं.

अशाच एका दुपारी मेसेज आला. 'गुंड्या खातो का?'

सुचित्राने 'हो' असं लिहिलं. बराच वेळ त्याकडे बघत बसली आणि पुसून टाकलं. मग सगळं लिहिलं: मेमधला झटका, स्वादुपिंडातल्या गाठी, गोळ्या, रेस्क्यूला फोन न करणं. आज सकाळपासून फक्त दीड तुकडा खाल्ल्याचंही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'फार दिवस नाही काढणार तो.'

मिनिटभरात फोन वाजला.

"कुठल्या कुशीवर झोपतो?" मयूराने विचारलं. "पाणी पितो का? अंड्याचा बलक दिलास? दोन थेंब दे बोटावर. काळीज बंद कर, जड पडत असेल त्याला."

सुचित्रा एकेकाचं उत्तर देत गेली. मयूरा विचारत गेली. मग एक प्रश्न अर्ध्यावरच तुटला आणि पलीकडून एक आवाज आला, जो सुचित्राने तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. मयूरा रडत होती, तोंडावर पदर किंवा उशी दाबून रडावं तशी. आईला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

सुचित्राने फोन कानाशी धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने, मांडीवरच्या त्या हडकुळ्या जनावरापुढे पुन्हा एकदा बोट केलं.