आतला बाक

महाल भागातल्या डॉक्टर पांढरीपांड्यांकडे जो येई त्याला गॅस झालेला असे. डॉक्टरांना यात नळाच्या पाण्याचा दोष वाटायचा. यमुताईंना खरं कारण ठाऊक होतं. ते सागवानी होतं आणि केबिनमध्ये भिंतीला लागून उभं होतं.

वेळ वाचावा म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटांना आतल्या बाकावरच बसवत. स्टुलावरचा माणूस दुखणं सांगे आणि बाक त्यावर मत देई. बाकावरच्या कुणाच्या तरी मेहुण्याला नेमकं तेच झालेलं असे. पेशंट औषध घेऊन घरी पोचायच्या आत दुखणं बडकस चौकात पोचलेलं असे.

यमुताईंचं दुखणं असं, की हसलं की लघवी सुटायची. पोस्टाच्या काउंटरवर त्या असं हसायच्या की रांगेतला माणूस आपलं काम विसरायचा. आता वर्ष झालं, हसणं बंद. लोकांना वाटलं, रिटायर झाल्यावर माणूस गंभीर होतो. त्यांनी भिशी सोडली. भाचीच्या लग्नात मागच्या खुर्चीवर तोंड मिटून बसल्या. डॉक्टरांकडे दोनदा आल्या, बाकाकडे पाहिलं आणि गॅसची गोळी घेऊन परतल्या.

या खेपेला मोबाइलची बॅटरी संपली होती, म्हणून त्यांनी बाहेरच्या भिंतीवरची पाटी वाचली. एका बाजूला रुग्णांचे हक्क: तपासणी खासगीत व्हावी. दुसऱ्या बाजूला जबाबदाऱ्या: डॉक्टरांना सगळं खरं सांगावं. जबाबदारी पाळायची तर आधी हक्क मिळायला हवा, एवढं पोस्टातल्या माणसाला कळतं.

"बोला यमुताई. गॅस?"

"नाही."

बाक पुढे झुकला.

"खरं सांगायला आली आहे, डॉक्टर. आधी यांना बाहेर पाठवा."

"अहो, सगळे आपलेच लोक आहेत."

"म्हणूनच. परके असते तर केव्हाच सांगितलं असतं."

बाकावर शेजारचे आनंदराव होते. लकडगंजात त्यांचं लाकडाचं दुकान. ते दुखावले. "काहून जी ताई, आमच्यापासून लपवून राहिल्या? आम्ही काय कोणाले सांगतो?"

"हो नं," त्यांच्या बाजूची दामिनी म्हणाली. "वच्छलाताईंच्या गाठीचं मी सांगितलं का कोणाले?"

"कोणती गाठ?" आनंदरावांनी विचारलं.

यमुताई उठल्या. "ठीक आहे. माझा नंबर आनंदरावांना. मी बसते बाकावर."

आनंदराव स्टुलावर आले. यमुताई दामिनीशेजारी ऐसपैस बसल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. आनंदरावांनी तोंड उघडलं. यमुताईंकडे पाहिलं. दामिनीकडे पाहिलं. दामिनीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"गॅस," ते म्हणाले.

"बसायला त्रास होतो का हो?" यमुताईंनी आपुलकीनं विचारलं. "आमच्या मेहुण्यांना अगदी हेच..."

आनंदराव ताडकन उभे राहिले. तसे ते हल्ली उभेच बरे असत. "डॉक्टरसाहेब, ते टोक धरा."

"अहो, पण माझा वेळ..."

"धरा म्हणतो नं जी!"

बाक आनंदरावांच्याच दुकानातला, लाकडात कुठे कंजुषी नाही, त्यामुळे दारातून आडवा निघेना. उभा करून काढला. मागून दामिनी, कुणी बोलावलं नव्हतं तरी, "सांभाळून, सांभाळून" करत निघाली. बाहेरची मंडळी वाट देत उभी राहिली. एकानं तर टाळ्या वाजवल्या. केबिनचं दार इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं. डॉक्टरांनी ते खांद्यानं रेटून लावलं.

यमुताईंनी सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "बऱ्याच जणींना होतं हे. व्यायामानं सुधारतं. आधी काहून नाही सांगितलं?" मग त्यांची नजर रिकाम्या भिंतीकडे गेली आणि त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

त्यानंतर आनंदराव आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. पुढच्या काही दिवसांत महालातला गॅस जवळजवळ आटोपला. डॉक्टरांनी श्रेय पाण्याला दिलं.

यमुताई व्यायाम नेमानं करत राहिल्या. दोन-तीन महिन्यांनी दाखवायला आल्या, तेव्हा बाहेरच्या बाकावर आनंदराव होते, चक्क बसलेले.

"ताई, त्या दिवशी आत काय सांगितलं जी तुम्ही?"

"गॅस," यमुताई म्हणाल्या, आणि हसल्या. अशा हसल्या की रस्त्यावरच्या स्कूटरवाल्यानं ब्रेक मारला. आणि काहीही झालं नाही.