तक्त्यावरचं चौथं कारण

बाळांनो, जरा कल्पना करा. तुमचा जन्म झाला आणि गावानं तुमचं नाव ठेवलं कचरू. आईबापाला कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे मोठेपणी कुणीतरी म्हणालं, टाक ते नाव, हवं ते घे. तर नवं नाव तुम्ही कुठून आणाल?

संघमित्राचे पणजोबा कचरूच होते. तिला हे कळलं आठवीत, इतिहासाच्या एका तक्त्यामुळे.

मुलुंडच्या तिच्या शाळेत प्रदर्शन होतं. तिला विषय मिळाला युरोपातलं प्रबोधन, आणि पाहुण्यांपुढे बोलायचंही तिनंच होतं. सहाशे वर्षांपूर्वी इटलीतली माणसं ग्रीक-रोमनांच्या जुन्यापुराण्या पोथ्या का शोधत सुटली? इतिहासाच्या वनमालाबाईंनी तीन कारणं दिली. व्यापारानं पैसा आला, पूर्वेकडून ग्रीक पंडित पोथ्या घेऊन आले, आणि रोमचे भग्नावशेष तर पायाखालीच होते. तिन्ही खरी. तरी संघमित्राचं समाधान होईना.

नाहूरच्या घरी तिचे आजोबा, रतन, वाटाणे सोलत होते.

"आजोबा, त्यांना नवं करायचं होतं ना? मग जुनं कशाला उकरलं?"

"नवं करताना त्यांना अडवत कोण होतं?"

"मोठे धर्मगुरू, मठातले पंडित. म्हणायचे, आम्ही सांगतो तेच ज्ञान, वाडवडिलांपासून चालत आलंय."

"मग त्यांचं तोंड कसं बंद करशील?" आजोबांनी एक शेंग तिच्या हातात दिली. "माझ्या बापाचं ऐक. छप्पन साली तो बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन गावी आला. पाटील म्हणाले, काय रे कचरू, हे नवं खूळ कुठून आणलंस? बाप म्हणाला, नवं नाही पाटील. तुमच्या वाड्याहून जुनं आहे, डोंगरातली लेणी बघून या. आणि आता मला नागसेन म्हणायचं."

"नागसेन कोण?"

"दोन हजार वर्षांपूर्वीचा भिक्खू. राजानं प्रश्न विचारावेत आणि यानं न घाबरता उत्तरं द्यावीत. कालच्या लोकांनी चिकटवलेलं नाव सोडायचं, तर परवाच्या माणसांकडे जावं लागतं, बाय. त्याला मागं जाणं म्हणत नाहीत."

संघमित्राच्या हातातली शेंग तशीच राहिली. इटलीतल्या काही पंडितांनीही आपली नावं बदलून रोमन धाटणीची घेतली होती, हे तिनं शाळेच्या वाचनालयात वाचलं होतं. तिनं तक्त्यावर चौथं कारण लिहिलं: 'आजच्या मालकांपुढे मान ताठ ठेवायला त्यांना त्या मालकांहून जुने साक्षीदार हवे होते.' खाली उदाहरण म्हणून पणजोबांची दोन्ही नावं लिहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता पाहिला. "हे गाइडमध्ये कुठंय? आणि घरचं कशाला आणतेस मध्ये? पाहुणे काय म्हणतील?" त्यांनी कोऱ्या कागदाची पट्टी कापली आणि त्या ओळींवर चिकटवली. "तीन कारणं सांगायची आणि थांबायचं. जमत नसेल तर मुकुल बोलेल."

संघमित्रा तक्ता घेऊन जागेवर आली.

"तीनच बोल ना यार," शेजारच्या बाकावरचा मुकुल कुजबुजला. "तीन ऐकेपर्यंतच पाहुण्यांना झोप येते. चौथ्याला उठवायचं कुणी?"

"पैसा आला, पोथ्या आल्या, दगड होतेच. पण ते उचलावेसे का वाटले, हे या तिन्हींत कुठंय रे? सांग."

मुकुलनं डोकं खाजवलं. "नाहीये," तो म्हणाला. "पण तुझी वाट लागणार."

पाहुण्या आल्या, कुठल्याशा कॉलेजातल्या निवृत्त प्राध्यापिका, प्रेमाताई. संघमित्रानं तिन्ही कारणं स्वच्छ सांगितली. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढच्या टेबलाकडे हात केला. प्रेमाताई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "या पट्टीखाली काय आहे गं?"

"चूक झाली होती मॅडम, झाकलीय," बाई घाईनं म्हणाल्या.

संघमित्रानं बाईंकडे पाहिलं. मुकुल शेजारीच उभा होता, तिच्याऐवजी बोलायला तयार.

तिनं पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं, ती सावकाश पूर्ण सोलून काढली, आणि म्हणाली, "चूक नाही, मॅडम. हे माझे पणजोबा. यांचं नाव नागसेन."